क्रॉसबोनं हरणाची शिकार शिकायचीय? परदेशी चाललेल्या आपल्या गोव्याच्या पोरांसाठी

दर वर्षी चतुर्थीला घर भरलं की कोणी ना कोणी मला पडवीत बाजूला घेतं आणि विचारतं, अरे तू अमेरिकेत हरणाची शिकार करायचास ना, आमचा भाचा आता कॅनडात शिकायला गेलाय, तोही विचारतोय कसं सुरू करायचं. मी ओहायोत नऊ वर्षं होतो, त्यातले सात सीझन क्रॉसबोनं, म्हणजे ट्रिगरच्या आडव्या धनुष्यानं, व्हाइटटेल या तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार केली, आता परत वाळपईला आहे, काजू आणि थोडं कुळागर बघतो. प्रत्येकाला तेच तेच तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट हात जोडून सांगतो. हे सगळं गोव्यासाठी नाही, आणि भारतात कुठेच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सांबर, चितळ, भेकर, पिसोरी सगळ्यांना संरक्षण आहे, शिकार म्हणजे गुन्हा, मग ती बंदुकीनं करा, फासा लावून करा नाहीतर बाणानं. अभयारण्यात केली तर किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आहे. शेत राखायला घरात जुनं बंदुकीचं लायसन्स असलं तरी ते जनावर मारायचं लायसन्स नव्हे, हे आमच्या सत्तरी तालुक्यात अजून बऱ्याच जणांना नीट कळलेलं नाही. आमच्या आजोबांच्या वेळी गावाची पारध निघायची, हाकारे, कुत्रे, वाटे पाडणं, हे सगळं मी ऐकत मोठा झालो आणि त्या गोष्टी मला अजून आवडतात, पण तेव्हाचं रान आणि आताचं रान एक नाही. म्हादई अभयारण्य १९९९ ला झालं. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीला वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली, विषानं, ती बातमी वाचली तेव्हा मी ओहायोत होतो आणि दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. वाघानं गावची गुरं सोडायची तर रानात त्याच्यासाठी सांबर नि रानडुक्कर पाहिजे, आपण तेच कमी केलं तर तो गोठ्यातच येणार. म्हणून इथे कुणाच्या डोक्यात क्रॉसबो घेऊन रानात जायचा विचार असेल तर इथेच थांबा, पुढचं तुमच्यासाठी नाही.

मग तिथे का चालतं, हा प्रश्न मला आईनं विचारला होता आणि तो रास्त आहे. ओहायोत १९०४ पर्यंत हरीण संपलं होतं, एकही उरलं नव्हतं, जंगल तोडून आणि बेसुमार मारून. मग बाहेरून आणून सोडली, जपली, आणि १९४३ ला फक्त तीन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यांत, पहिला सीझन उघडला. आता तिथे हरणं लाखांत आहेत, लांडगा नाही, प्यूमा नाही, मक्याची शेतं खातात, रात्री गाड्यांखाली येतात. त्यामुळे दर वर्षी ठरावीक संख्येनं काढली जातात आणि शिकाऱ्याच्या लायसन्सचा पैसा नि हत्यारांवरचा कर, जो १९३७ च्या पिटमन रॉबर्टसन कायद्यानं वन्यजीवांसाठी राखून ठेवला, तो परत रानालाच जातो. हे गणित इथे बसत नाही. तिथे बसतं.

आता कुठे चालतं हे आधी बघा. आपल्या गोव्याची खूप माणसं पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला आहेत, त्यांनी लक्षात ठेवा, ब्रिटनमध्ये धनुष्यबाणानं किंवा क्रॉसबोनं कुठलंही रानटी जनावर मारणं बेकायदा आहे, तिथे फक्त टार्गेटवर मारायचं. कॅनडात ओंटारियोत हरणाच्या धनुष्याच्या सीझनला क्रॉसबो चालतो. अमेरिकेत राज्याराज्यात वेगळं, ओहायोत अख्खा आर्चरी सीझन चालतो, सप्टेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, तर ओरेगॉनमध्ये शिकारीला क्रॉसबो चालतच नाही. म्हणून मित्रानं सांगितलं म्हणून नको, त्या राज्याच्या वन्यजीव खात्याची त्या वर्षाची नियमपुस्तिका उघडा, फुकट असते, दर वर्षी बदलते. व्हिसावर असलेल्यांनी अजून एक समजून घ्या, स्टुडंट किंवा एच-वन, म्हणजे नोकरीच्या, व्हिसावर बंदूक बाळगण्यावर अमेरिकेच्या फेडरल कायद्याची बंधनं आहेत, शिकारीचं लायसन्स हा त्यातला एक अपवाद, पण क्रॉसबो त्या कायद्यात बंदूक म्हणून धरलेलाच नाही. आपली बरीच पोरं क्रॉसबोकडे वळतात त्याचं हे एक कारण. तरी कॉलेजच्या हॉस्टेलवर किंवा कॅम्पसवर तो ठेवू नका, बहुतेक ठिकाणी हत्यारबंदी असते आणि एका क्रॉसबोपायी शिक्षण जायला नको.

लायसन्सआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स. पहिल्यांदा लायसन्स घेणाऱ्याला तो करावाच लागतो, नाहीतर अप्रेंटिस लायसन्स घेऊन कोणा अनुभवी माणसाबरोबर जावं लागतं. ऑनलाइन होतो, पण प्रत्यक्ष वर्ग मिळाला तर तोच करा. माझ्या वर्गात शिकवणारे एक म्हातारे होते, पहिल्या तासाला त्यांनी एकही हत्यार दाखवलं नाही, फक्त हरणाच्या छातीचं चित्र फळ्यावर काढलं आणि म्हणाले हे डोळे मिटून काढता आलं पाहिजे. मी घरी येऊन खरंच रोज काढायचो.

आता हत्यार. क्रॉसबो म्हणजे आडवं धनुष्य, बंदुकीसारख्या दस्त्यावर बसवलेलं, दोरी ओढली की लॅचमध्ये अडकून राहते आणि ट्रिगर दाबला की सुटते. उभ्या धनुष्याला वर्षभर खांदा कमवावा लागतो, क्रॉसबो महिन्याभरात हातात बसतो, पण त्यामुळेच माणसाला वाटतं की आपल्याला येतंय, आणि तिथेच चूक होते. दोन जाती आहेत, रिकर्व्ह आणि कंपाउंड. कंपाउंडला टोकांना चाकं असतात, आटोपशीर आणि वेगवान, पण दोरी बदलायची तर दुकानात प्रेसवर न्यावा लागतो. रिकर्व्ह रुंद असतो, झाडाझुडपात अडकतो, पण दोरी घरी बदलता येते आणि बिघडायला त्यात फार काही नाही. ओंटारियोची एक्सकॅलिबर कंपनी रिकर्व्हसाठीच ओळखली जाते, ओहायोत मोगाडोरला टेनपॉइंट आहे ती कंपाउंडवाली. माझं मत विचाराल तर पहिला क्रॉसबो मधल्या किमतीचा घ्या, साधारण ४०० ते ६०० डॉलर, आणि उरलेले पैसे बाण, अंतर मोजायचा रेंजफाइंडर आणि झाडावर बसताना अंगाला बांधायच्या हार्नेसवर घाला. सेकंदाला ४०० फूट वेगाच्या मागे धावू नका. ओहायोत कायद्यानं ७५ पाउंड ओढीचा क्रॉसबो पुरतो, दुकानात मिळणारे दीडशे दोनशे पाउंडांचे असतात, म्हणजे हरणासाठी ताकद कुठल्याही चांगल्या क्रॉसबोत पुरेशी आहे.

दोनशे पाउंड म्हणजे नव्वद किलो. नुसत्या हातानं ओढायचं नाही, कॉकिंग रोप येतो, दोन हुक आणि दोन मुठी, त्यानं जोर निम्मा लागतो आणि मुख्य म्हणजे दोरी दोन्ही बाजूंनी सारखी ओढली जाते. एका बाजूला जरा जास्त ओढली गेली तर बाण डावीउजवीकडे जातो आणि तुम्ही उगीच स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, फिरवत बसता. पुढच्या रिकिबीत पाय पूर्ण घालायचा, अर्धा नाही, पाय सुटला तर तोंडावर बसतो. दोरी लॅचमध्ये बसल्याचा खट आवाज ऐकायचा, सेफ्टी लागलीय का बघायची, मगच बाण. बाण मागे दोरीला टेकेपर्यंत सरकवायचा. मध्ये फट राहिली तर दोरी बाणावर आदळते किंवा वरून निसटते आणि क्रॉसबो फुटू शकतो. तसंच बाण न लावता ट्रिगर कधीच दाबायचा नाही, सगळी ताकद जायला जागा नसली की ती लिम्ब, म्हणजे धनुष्याचे वाकणारे दोन हात, आणि दोरीतच फिरते आणि तुकडे उडतात. हलका बाणही तसाच धोकादायक, कंपनीनं जे किमान वजन दिलंय, बहुतेक वेळा ४०० ग्रेनच्या आसपास म्हणजे २६ ग्रॅम, त्याच्या खाली जायचं नाही, आणि मागची नॉक, म्हणजे बाणाचं दोरीला टेकणारं टोक, तीही कंपनीनं सांगितलेलीच.

अंगठा. हे वेगळं लिहितो कारण यातच बोटं जातात. पुढचा हात दस्त्याच्या खाली धरतो तेव्हा अंगठा किंवा बोटं रेलच्या, म्हणजे बाण ठेवायच्या पट्टीच्या, वर येता कामा नयेत, दोरी तिथून जाते आणि ती काय कापतेय ते बघत नाही. मी पहिले दोन महिने सरावाला जाड हातमोजा घालायचो आणि दर बाणाआधी तोंडानं म्हणायचो, अंगठा खाली. बायको हसायची, पण आजही दहा बोटं आहेत. लिम्बच्या दोन्ही टोकांना मोकळी जागा पाहिजे हेही बघायचं, खिडकीची चौकट, फांदी, झाडावरच्या मचाणाचा म्हणजे स्टँडचा दांडा, कशालाही लिम्ब लागला तर बाण भलतीकडे जातो.

सराव जुलैपासून सुरू करा. आधी २० यार्डावर स्कोप बसवायचा, फोमचं टार्गेट घ्यायचं, टेबलावर टेकवून तीन बाण मारायचे, तिन्ही एका मुठीत आले की मग स्कोप हलवायचा, एका बाणावरून कधी हलवू नका. बाण इतके जवळजवळ लागतात की एकाच ठिपक्यावर मारलं तर दुसरा पहिल्याला फोडतो, म्हणून टार्गेटवर चार पाच ठिपके काढा आणि प्रत्येकाला एकच बाण. दर वेळी बाण हातात घेऊन हळूच वाकवून बघा, कार्बनच्या बाणाला बारीक चीर असली तर कानाला कळते, तसला बाण तिथेच मोडून टाका. दोरीला मेण, रेलला थोडं तेल, किती आणि कधी ते मॅन्युअलमध्ये असतं. साध्या टोकांनी जमलं की शेवटचे पंधरा दिवस ब्रॉडहेडनं मारून बघा, म्हणजे शिकारीचं पात्यांचं टोक, कारण ते साध्या टोकासारखं उडेलच असं नाही. सरावाचं ब्रॉडहेड वेगळं ठेवा, शिकारीचं नवं कोरं धारदार. घडी उघडणारी ब्रॉडहेडं मिळतात, मी मात्र पक्क्या पात्यांचीच वापरली, त्यात उघडायचं राहून जाण्यासारखं काही नसतं. आणि टेबलावर जमलं म्हणजे झालं नाही, बसून मारा, गुडघ्यावर मारा, जाड जॅकेट घालून मारा, वरून खाली मारा, कारण नोव्हेंबरच्या पहाटे टेबल नसतं.

आता अंतर, माझ्या मते या सगळ्यातला हा कळीचा भाग. जाहिरातीत लोक शंभर यार्डावर मारताना दिसतात. ते टार्गेट असतं, ते हलत नाही. ३५० फूट वेगाचा बाण सेकंदाला १०७ मीटर जातो आणि आवाज जातो ३४० मीटर. म्हणजे ३० यार्डावर क्रॉसबोचा खटका हरणाच्या कानावर आधी पोचतो, बाण त्याच्यानंतर जवळपास पावणेदोन दशांश सेकंदानं. तेवढ्यात सावध हरीण पळण्यासाठी पाय वाकवून खाली दबतं आणि बाण ठरवलेल्या जागेच्या वर लागतो किंवा पाठीवरून जातो. ४० यार्डावर त्याला अजून जास्त वेळ मिळतो. म्हणून पहिल्या दोन सीझनला २५ यार्ड, फार तर ३०, आणि तेही हरीण शांतपणे चरतंय तेव्हाच. मान वर, कान ताठ, तुमच्याकडे बघतंय, तर मारू नका. बसल्याबरोबर रेंजफाइंडरनं आजूबाजूची चार झाडं मोजून ठेवा, तो बर्च २२, ते पडलेलं लाकूड ३०, म्हणजे हरीण आल्यावर हालचाल करावी लागत नाही.

जागा शोधणं हे मला सगळ्यात आवडायचं, आणि इथे आपल्या गावच्या माणसाला थोडं पुढचं दान आहे, कारण आपण लहानपणापासून रानात काजू वेचताना पाऊलखुणा बघत आलोय. व्हाइटटेलचं खूर आपल्या चितळासारखंच दिसतं, दोन पाकळ्या. नर शिंगं घासून झाडाची साल काढतो त्याला रब म्हणतात, जमीन उकरून मुततो त्याला स्क्रेप. ओकची फळं पडतात ती झाडं, मक्याच्या शेताची कड, दोन झाडीच्या पट्ट्यांना जोडणारी अरुंद चिंचोळी वाट, या जागा. ओहायोत खाजगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी लागते आणि ती मागायला लाजू नका. मी उन्हाळ्यात शनिवारी दोन दोन दारं वाजवायचो, स्वच्छ कपडे, नाव, कुठे काम करतो, कधी येईन, गाडी कुठे लावीन, सगळं सांगायचं. बाराव्या घराला होकार मिळाला. रंग वेगळा, नाव वेगळं, मनात धाकधूक होतीच, पण त्या शेतकऱ्यानं विचारलं तुझे वडील काय करतात, मी म्हटलं काजूची बाग, तो म्हणाला म्हणजे तू पण शेतकऱ्याचाच.

वारा नाकावर घ्यायचा. हरणाच्या बाजूनं तुमच्याकडे आला पाहिजे, तुमच्याकडून त्याच्याकडे गेला की संपलं, ते दिसायच्या आधीच जातं. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या माणसाला खारे वारे आणि मतलई समजावून सांगावे लागत नाहीत, दिवसा एकीकडून नि रात्री दुसरीकडून, तसंच डोंगरउतारावर होतं, ऊन चढलं की हवा उतारावरून वर जाते, संध्याकाळी थंड होऊन खाली ओघळते. सकाळची जागा आणि संध्याकाळची जागा म्हणून वेगवेगळी ठेवायची. पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा, फुंकर मारून बघायला. आणि शिकारीचे कपडे स्वयंपाकघराच्या जवळपासही ठेवू नका. फोडणीचा वास जॅकेटमध्ये आठ आठ दिवस राहतो, आपल्याला येत नाही, हरणाला येतो. मी ते बंद डब्यात गाडीच्या डिकीत ठेवायचो आणि जागेवर जाऊनच घालायचो. बंदुकीचा सीझन चालू असेल त्या दिवसांत क्रॉसबोवाल्यानंही भगवा जॅकेट घालायचा, ओहायोत सक्तीचं आहे, हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही म्हणून काळजी नको.

बसायचं कुठे, तर पहिल्या वर्षी जमिनीवरच्या तंबूत, ग्राउंड ब्लाइंडमध्ये. झाडावरच्या स्टँडचा मोह सगळ्यांना होतो, वरून दिसतं छान, वास वरून जातो, पण शिकारीत माणसं जखमी होतात ती जास्त करून झाडावरून पडून. आपला पाडेली माडावर चढतो तो लहानपणापासूनची सवय घेऊन, आणि तोही दर वर्षी कुठे ना कुठे पडतोच, मग तुम्ही पहाटे पाच वाजता, अंधारात, दव पडलेल्या शिडीवर, जाड बुटांत चढणार. चढायचंच तर पूर्ण अंगाचा हार्नेस आणि जमिनीपासून वरपर्यंत बांधलेली लाइफलाइन, पाय जमिनीवरून उचलायच्या आधी अडकवायची आणि परत जमिनीला लागल्यावरच सोडायची. क्रॉसबो खांद्याला लावून चढू नका, बाण काढून, दोरीनं नंतर वर ओढून घ्या. घरी कोणाला तरी नेमकी जागा आणि परतायची वेळ सांगून जा.

थंडीचं सांगायलाच पाहिजे. वाळपईला डिसेंबरच्या पहाटे आपण शेकोटी करतो, तिथे नोव्हेंबरात शून्याच्या खाली चार तास न हलता बसायचं असतं. सुती बनियन नको, घाम धरतं आणि गारठवतं, लोकर किंवा सिंथेटिक. चालत जाताना जॅकेट काढून चाला. आणि सप्टेंबर ऑक्टोबरात गोचिडी, तिथे त्यांच्यामुळे लाइम रोग होतो, सत्तरीच्या माणसाला २०१५ च्या माकडतापानंतर गोचीड म्हणजे काय ते समजावायला नको, घरी आल्यावर काखेत, कंबरेत, गुडघ्यामागे बघायचं.

आता तो क्षण. हरीण आडवं उभं पाहिजे किंवा किंचित तुमच्यापासून पलीकडे वळलेलं. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर, पोळपाटाएवढी जागा आहे, त्यात हृदय आणि दोन्ही फुप्फुसं. बाण गोळीसारखा धक्क्यानं मारत नाही, पात्यानं कापतो आणि रक्त जाऊन जनावर मरतं, म्हणून दोन्ही फुप्फुसांतून गेला तर बहुतेक वेळा ते शंभर यार्डाच्या आत कोसळतं. समोरून तोंड करून असेल, तुमच्याकडे तिरकं येत असेल, मागून असेल, धावत असेल, तर नाही. अलीकडचा पुढचा पाय पुढे टाकेपर्यंत थांबा. बाण पलीकडे कुठून बाहेर पडणार त्या कोनाचा विचार करा, मागे माणूस, घर, रस्ता काही आहे का बघा. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, एवढीच वेळ, आणि शेवटच्या पाच मिनिटांत मारलं तर अंधारात शोधावं लागेल हेही धरा.

माझ्या दुसऱ्या सीझनला मी ३८ यार्डावर एका मादीला बाण मारला. स्वतःला ३० ची मर्यादा घातलेली, तीन आठवडे काही मिळालं नव्हतं, आणि वाटलं आज वारा नाही, ती उभी आहे, जमेल. ती दबली आणि एक पाऊल पुढे गेली, बाण मागे लागला, पोटात. मी वर बसून थांबायला पाहिजे होतं, पण मला तिला लवकर संपवायची घाई झाली आणि दहा मिनिटांत मागे निघालो. ती जिथे पडून राहिली असती तिथून मी तिला उठवलं. तीनदा उठवलं. रात्री अकरापर्यंत बॅटरी घेऊन ओढ्याच्या कडेनं फिरलो, दुसऱ्या दिवशी रजा टाकून फिरलो, ती मिळाली नाही. त्या वर्षी मी परत रानात गेलो नाही. हे मी लिहितोय कारण खालचा भाग कोणी वरवर वाचू नये.

बाण सुटल्यावर जागचं हलायचं नाही. घड्याळ बघा. हरीण कुठे उभं होतं, कुठल्या झाडामागे दिसेनासं झालं, पडल्याचा आवाज आला का, हे मनात पक्कं करा. अर्धा तास थांबा, चांगला लागलाय अशी खात्री असली तरी. मग खाली उतरून बाण शोधा, तो सगळं सांगतो. लालगुलाबी आणि फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, हळूहळू मागे जा. गडद, जांभळट लाल म्हणजे यकृत असण्याची शक्यता, चार ते सहा तास थांबा. हिरवट चिकट काही आणि घाण वास, म्हणजे पोट, तर आल्या पावली गुपचूप परत जा आणि आठ ते बारा तास थांबा. मन ऐकत नाही, तरी थांबा, न उठवलेलं हरीण बहुतेक वेळा जवळच पहिल्या झोपल्या जागी सापडतं. रक्ताच्या प्रत्येक थेंबाला टिश्यू पेपरचा तुकडा लावत जा, मागे वळून बघितलं की ओळ दिसते आणि पुढची दिशा कळते. थेंबांवर पाय देऊ नका, बाजूनं चाला. रक्त संपलं तर शेवटच्या खुणेवर एकाला उभं करून गोल गोल शोधा, पाण्याच्या दिशेला जास्त. बऱ्याच राज्यांत पट्ट्यावरचा माग काढणारा कुत्रा घेऊन येणारी माणसं असतात, सीझनच्या आधीच जवळच्या एकाचा नंबर काढून ठेवा. शेजारच्या जमिनीत गेलं असेल तर आधी त्या मालकाला विचारायचं. आणि क्रॉसबोवर बाण तसाच राहिला, वापरला नाही, तर दोरी हातानं उतरवायची नाही, सरावाचा बाण लावून फोमच्या टार्गेटमध्ये मारून मोकळा करायचा, मगच गाडीत.

हरीण मिळालं की त्याला टॅग म्हणजे नोंदीची चिठ्ठी लावायची, आणि ओहायोत दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत ऑनलाइन नोंद करायची. आतडी लगेच काढायची, मूत्राशय आणि आतडं फुटू न देता, आणि छातीत हवा खेळू द्यायची, मांस चार अंशांच्या खाली लवकर आलं पाहिजे. पहिल्या वेळी कोणाला तरी बरोबर घ्या, वाचून हे येत नाही. जमत नसेल तर गावोगावी प्रोसेसर असतात, पैसे घेऊन तुकडे करून देतात. सीडब्ल्यूडी नावाचा हरणांचा मेंदूचा रोग आहे, प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, शिजवून तो जात नाही, माणसाला झाल्याचं अजून दिसलेलं नाही तरी तुमच्या भागात असेल तर डोकं तपासायला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये ठेवा, पॉझिटिव्ह आलं तर खाऊ नका. शिंगं गोव्याला आणायचा विचार करू नका, विमानतळावर कस्टममध्ये अडकाल, आणि घरी भिंतीवर लावली तर वन खात्याला ती ओहायोची आहेत हे सांगत बसावं लागेल.

मांसात चरबी जवळजवळ नसतेच, म्हणून बकऱ्याच्या मटणासारखं नुसतं रटरट शिजवलं की चामडं होतं. पाठीच्या कण्याजवळचा लांब तुकडा जाड कापून, मीठ मिरी लावून, तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी परतायचा, बस. मांडी आणि खांदा मात्र आपल्या शागोतीला. रात्रभर आलं, लसूण, हळद आणि दह्यात ठेवायचं, खोबरं, धने, खसखस, मिरी, दगडफूल भाजून वाटप करायचं, आणि मंद आचेवर दोन अडीच तास, थोडं जास्त खोबरेल तेल घालून. मी सीझन संपला की स्टँड उतरवायला जायचो तेव्हा त्या शेतकऱ्यासाठी एक डबा शागोती आणि एक मागची मांडी न्यायचो. तिसऱ्या वर्षी त्यानं मांडी परत केली, म्हणाला ही पण तूच शिजवून आण.